बाटलीवरची रेघ

३ फेब्रुवारी

ताई,

पत्र बघून दचकू नकोस. इथे सगळे ठीक आहेत. म्हणजे मी सोडून सगळे.

फोन न करता लिहितोय, कारण गेले तीन महिने फोन डाव्या कानाला लावला की समोरचा माणूस रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलतोय असं वाटतं, आणि उजव्याला लावला तर डाव्यातली घरघर मध्ये मध्ये तोंड घालते. गेल्या महिन्यात तू काहीतरी विचारलंस आणि मी दोनदा 'हो' म्हणालो. काय विचारलं होतंस ते मला आजही माहीत नाही. न ऐकता 'हो' म्हणणं खोटं बोलण्यातच जमा होतं, असं मी त्या दिवशी डायरीत लिहिलं आहे. तेव्हा ती दोन्ही 'हो' मागे घेतो.

तर झालं ते असं. एका कारखान्यात नव्या यंत्राचा पाया तपासत होतो. (तू लोकांना मी इंजिनीअर आहे असं सांगतेस. नाही. यंत्रांचे पाये आणि क्रेनचे रूळ समपातळीत आहेत की नाहीत हे मी मोजतो आणि खाली सही करतो.) पाणसळ (ती काचेच्या नळीतल्या बुडबुड्याची पट्टी) ठेवली. बुडबुडा बरोबर मध्यावर. त्याच क्षणी डावा कान दडपला, आत जुना पंखा सुरू झाल्यासारखा आवाज आला आणि अख्खा कारखाना डावीकडून उजवीकडे फिरायला लागला. मी त्या पायाला मिठी मारून पडलो. पाणसळ डोळ्यांसमोर होती. बुडबुडा तसूभरही हलला नव्हता. बावीस वर्षं मी त्याच्या शब्दावर सह्या केल्या, त्या दिवशी तो मला साफ खोटारडा वाटला.

दोन तास हे चाललं. ओकलो. मग मेल्यासारखा झोपलो. त्यानंतर आणखी दोनदा झालं.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की कानात अगदी खोल एक पोकळी असते, तिच्यात पाणी असतं, आणि आपण उभे की आडवे हे मेंदूला त्या पाण्यावरून कळतं. माझ्या डाव्या कानात त्या पाण्याचा दाब मधूनच वाढतो. मी म्हणालो, "म्हणजे माझ्या आतही एक पाणसळ आहे." ते म्हणाले, "आहे, आणि तिचा भरवसा राहिलेला नाही." आजार बरा होत नाही, सांभाळावा लागतो. मीठ कमी, चहा कमी, गोळ्या, आणि प्रत्येक चकरेची तारीखवार नोंद. नोंद म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं.

आता खरी अडचण. १८ मार्चला क्रेनच्या रुळांची वार्षिक तपासणी आहे. चाळीस फुटांवर, दीड हात रुंदीच्या फळीवरून चालत. ऑफिसात मी काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर वर जाणं बंद, आणि वर जात नाही त्या माणसाला आमच्या खात्यात कुणी विचारत नाही. न सांगता गेलो आणि वर असताना चक्कर आली, तर खाली माणसं काम करत असतात. डायरीत 'आज सांगणार' हे वाक्य सतरा वेळा आहे. मोजलं.

आणखी एक. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला असं होतं का? मी 'नाही' म्हणालो. वडील क्रेन चालवायचे एवढं सांगितलं. ते दुसरं काय करायचे ते सांगायची गरज वाटली नाही. पण न विचारता 'नाही' म्हणणं बरोबर नाही, म्हणून तुला विचारतो.

तुझा
धाकटा


११ फेब्रुवारी

प्रिय पट्टी,

धाकटा कसला? खिशात फूटपट्टी घालून घरभर हिंडायचास, तेव्हापासून पट्टीच तू. आता पिकलेले केस मोजत असशील.

तुझं पत्र मशीनवर ठेवून वाचलं आणि एका बाईच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. तिला सांगितलं, भावाचा डावा कान बिघडलाय. ती म्हणाली, त्यात माझ्या बाहीचा काय संबंध. बरोबर आहे तिचं.

फोनवर मी विचारलं होतं, 'माझ्यावर रागावलास का?' तू दोनदा 'हो' म्हणालास. आठवडाभर मी विचार करत होते, काय केलं मी. बरं झालं मागे घेतलेस.

आता नीट ऐक. मीठ कमी नाही, बंदच कर; तुझं ताट वाढून झालं की मग बाकीच्यांच्या भाजीत घाल म्हणावं बायकोला. चक्कर आली की डोळे मिटू नकोस, मिटले की जास्त फिरतं. भिंतीवरचा एखादा खिळा धर आणि त्याच्याकडेच बघत राहा. झोपताना एक हात पलंगाच्या दांड्यावर ठेव. कान दडपला की समज, अर्धा-पाऊण तास आहे हातात. चांगला कान लोकांच्या बाजूला ठेवून बसत जा, म्हणजे माणसं रुसत नाहीत.

मला कसं माहीत म्हणून विचारशील. माझ्या एका गिऱ्हाईक बाईला आहे हे.

घरात कुणालाच नव्हतं. बाबांचं तुला माहीतच आहे.

तुझी
ताई


१९ फेब्रुवारी

ताई,

खिळा उपयोगी पडला. परवा ऑफिसच्या जिन्यात चक्कर आली. नोटीस बोर्डाचा वरचा डावा खिळा धरून पाऊण तास बसलो. त्या खिळ्याचे आभार मानावेत असं वाटतं. तुझ्या गिऱ्हाईक बाईचेही.

पण त्यातून नवीनच भानगड झाली. मला तिथे बसलेलं तिघांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी आत बोलावलं. दार लावलं, स्वतः खुर्ची पुढे केली. इतक्या वर्षांत त्यांनी मला बसा म्हटलेलं आठवत नाही.

"घरी काही टेन्शन?"

"नाही."

"हे बघा, माणूस आहे. घेतो कधीतरी. पण सकाळी सकाळी नको. लोक बघतात."

मी काय केलं असेल? काही नाही. मान खाली घातली. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हे आपल्या दोघांत." बाहेर आल्यावर लक्षात आलं की मला हलकं वाटतंय. ज्या माणसाने आयुष्यात थेंब घेतला नाही, त्याला दारुडा ठरल्यावर हलकं का वाटावं? यावर मी त्या दिवशी चार पानं लिहिली, आणि चारही पानांत उत्तर टाळलं आहे.

चकरांचा तक्ता आखायला घेतला तेव्हा आठवलं, असा तक्ता मी पूर्वी एकदा आखला होता. ट्रंकेतून बाराव्या वर्षीची वही काढली. बाबा पिऊन आले की तारखेपुढे मी फुली मारायचो, तुला माहीत आहे. दोन वर्षांत एकोणीस फुल्या आहेत. त्यातली एक नोंद जशीच्या तशी उतरवतो:

'मंगळवार. बाबा पिऊन दुपारीच घरी आले. भिंत धरून चालत होते. ओकले. आई खिडकीत उभी राहून त्यांच्यावर खूप ओरडली. बाबा डावा कान चोळत झोपले. आई त्यांना शिक्षा म्हणून अळणी जेवायला देते.'

डावा कान चोळत झोपले. मी स्वतः लिहिलं आहे, ताई. चौतीस वर्षं ते वाक्य माझ्या ट्रंकेत आहे.

आणि दर रविवारची दुसरी एक नोंद. कपाटावर बाबांची चपटी असायची. मी तिच्या कागदावर पेन्सिलीने दारूच्या पातळीला बारीक रेघ मारली होती आणि दर रविवारी स्टुलावर चढून बघायचो. वहीत प्रत्येक रविवारपुढे एकच शब्द आहे: 'रेघेवर'. खाली माझा निष्कर्ष, दोनदा अधोरेखित: 'बाबा पितात आणि पुन्हा बरोबर रेघेपर्यंत भरून ठेवतात. खूप हुशार आहेत.'

तुझी गिऱ्हाईक बाई पलंगाचा दांडा धरून झोपते. बाबाही तसेच झोपायचे. मला खरं सांग.

तुझा
पट्टी


२५ फेब्रुवारी

प्रिय पट्टी,

गिऱ्हाईक बाई नाही. कधीच नव्हती.

बाबा प्यायचे नाहीत. त्यांना तेच होतं जे तुला आहे. त्या वेळच्या डॉक्टरला नाव सांगता आलं नाही. मीठ सोडा आणि उंचावर चढू नका एवढंच तो म्हणाला. क्रेन चालवणाऱ्याला उंचावर चढू नका! बाबा घरी येऊन किती हसले होते. मग आई रडली म्हणून गप्प झाले.

कारखान्यात त्याआधी एकाला घेरी येते म्हणून कळलं होतं. त्याला त्याच आठवड्यात घरी बसवलं, कायमचं. पिणाऱ्याला मात्र एक ताकीद, आणि दोन दिवस खाली गोदामात काम. तिसऱ्या दिवशी परत वर. बाबांनी हा हिशेब बरोबर केला. ती चपटी ते रोज डब्याच्या पिशवीतून कामावर न्यायचे; कान दडपला की तिच्यातला एक घोट तोंडात घोळवायचे, थुंकायचे, आणि फोरमनसमोर जाऊन उभे राहायचे. फोरमन वास घ्यायचा, शिव्या द्यायचा, खाली पाठवायचा. तुझा पुढचा प्रश्न मला माहीत आहे म्हणून आधीच सांगते: त्या दिवशी ते क्रेनवर चढायचे नाहीत. एकदाही नाही. सोंग त्यासाठीच तर होतं.

फोरमन समोरच्या घरात राहायचा. आई ओरडायची ती बाबांवर नाही, खिडकीवर. ओरडून झालं की आत येऊन त्यांचं डोकं धरून बसायची. पुढे पुढे तर वासही लागला नाही. नावच पुरलं.

तुला का सांगितलं नाही? पट्टी, तू बारा वर्षांचा होतास आणि रस्त्यात सापडलेलं बटण सुद्धा मालक शोधून परत करायचास. फोरमनने एकदा विचारलं असतं, 'काय रे, बाप कसा आहे?' तर तू तारखेसकट सांगितलं असतंस.

शिव्या दे मला. पण पत्रानेच दे, फोनवर तुला माझं उत्तर ऐकू येणार नाही.

ताई


२ मार्च

ताई,

शिव्या देण्याचा प्रयत्न केला. कच्चा मसुदा डायरीत आहे. पण त्यातलं अर्धं मला लागू होतं, म्हणून पाठवत नाही.

जेवताना मी बाबांच्या डाव्या हाताला बसायचो. शाळेतलं काही सांगितलं तर ते उत्तर द्यायचे नाहीत. मी वहीत लिहिलं, 'बाबांना माझ्यात रस नाही.' एवढं लिहिणाऱ्याने एकदा उजवीकडे बसून बघायला काय हरकत होती?

आणि दुसरं, जे मी डायरीतही लिहिलेलं नाही. लेक झाली तेव्हा बाबा बघायला आले. तिला घ्यायला त्यांनी हात पुढे केले. मी म्हणालो, "नको. तुमचा काय भरवसा." सगळ्यांसमोर म्हणालो. त्यांनी हात मागे घेतले आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं. नको देऊस." मला वाटलं, गुन्हा कबूल केला. मी त्या क्षणाचा कित्येक वर्षं अभिमान बाळगला, ताई, ताठ उभं राहिल्याचा. आणि ते फक्त खरं सांगत होते.

ते जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर तरी सांगायचंस.

आता इथलं. साहेबांनी काळजीपोटी घरी फोन केला आणि बायकोला सांभाळून घ्या म्हणाले. ती हसली, माझ्या गोळ्या तीच मोजून ठेवते. पण फोन स्पीकरवर होता आणि लेक तिथेच होती. सतरा वर्षांची आहे. आजार तिच्यापासून लपवला होता, परीक्षा आहे म्हणून. हल्ली मी घरी आलो की ती दारात येते, उगाच काहीतरी विचारते आणि नाकाने हळूच श्वास आत घेते. हे मी लगेच ओळखलं. ओळखणारच. मीही अगदी असंच करायचो.

आणि १८ तारीख. बाबांचा मार्ग मोकळा आहे. सकाळी एक घोट घोळवून जायचं, साहेब मला प्रेमाने खाली ठेवतील, कुणी पडणार नाही, नोकरी राहील. जमिनीवर पडून कुणी मरत नाही. यात चूक नेमकी कुठे आहे ते मला सापडत नाही, आणि सापडत नाही याचीच भीती वाटते.

पट्टी


७ मार्च

पट्टी,

मी वाद घालणार नाही, मला गिऱ्हाइकं आहेत.

बाबा गेल्यावर का सांगितलं नाही? कारण तेराव्या वर्षापासून तू थेंब न पिणारा, वेळेवर येणारा, खोटं न बोलणारा माणूस झालास तो बाबांसारखं व्हायचं नाही म्हणून. मी बाबांना एकदा म्हटलं होतं, आता मोठा झालाय, सांगून टाका. ते म्हणाले, "राहू दे. सरळ चाललाय. त्याला मध्येच हलवू नकोस." मग मीही हलवलं नाही. चुकलंच असेल.

१८ तारखेचं तुझं तू ठरव. बाबांकडे दाखवायला कागद नव्हता, तुझ्याकडे डॉक्टरचा कागद आहे, एवढाच फरक मला दिसतो. बाकी त्या युक्तीत एकच खोट होती, आणि ती आता दारात उभी राहून तुझ्या तोंडाचा वास घेते.

सोबत पार्सल आहे. आईच्या शिवणाच्या डब्यात होतं, बाबांनीच ठेवलेलं. कापडात गुंडाळलंय, आपटू नकोस. मी ती बाटली कधी उघडलेली नाही. आई तर तिला हातही लावायची नाही, बाबाच ठेवायचे आणि काढायचे.

ताई


२१ मार्च

ताई,

पार्सल सोळा तारखेला आलं. आधी सतरा तारखेचं सांगतो.

साहेबांसमोर डॉक्टरांचं पत्र आणि ऐकण्याच्या तपासणीचा आलेख ठेवला. मला आजार आहे, बरा होणारा नाही, उद्या मी वर जाणार नाही आणि यापुढेही जाणार नाही, असं एका दमात सांगितलं. साहेबांनी आलेख उलटा धरून पाहिला. मग फार मायेने म्हणाले, "हे सगळे असंच काहीतरी सांगतात. माझे मेहुणे लिव्हर म्हणायचे."

मी म्हणालो, "मी पीत नाही."

"तेही सगळे म्हणतात."

आमच्या खात्यातले मामा, मोजताना दुसऱ्या टोकाला काठी धरून उभे राहतात ते, दारातच होते. त्यांना राहवलं नाही. "साहेब, हा माणूस सूतभर फरकासाठी मला तीन तास उन्हात उभा करतो. पिणारा असता तर आमचे हाल वाचले असते."

तर निकाल असा: रूळ दुसऱ्याने तपासले. मी कायमचा जमिनीवर, यंत्रांच्या पायांच्या मोजणीला. आणि माझ्या कागदांत आजाराची नोंद आहे, पण शेजारी व्यसनमुक्तीच्या व्याख्यानाला पाठवल्याचीही आहे, कारण ते पत्र आधीच टाइप झालं होतं. व्याख्यानाला जाऊन आलो. शेवटी सगळ्यांना एका रेषेत चालून दाखवायला सांगितलं. मला एकट्यालाच जमलं नाही.

बाराव्या वर्षीची वही डॉक्टरांना दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. तारखा, किती वेळ, ओकारी, कान, झोप. म्हणाले, "घरातल्या माणसाने ठेवलेली इतकी नेमकी नोंद मी पाहिलेली नाही. पेशंटकडे कुणाचं तरी इतकं लक्ष होतं. नशीबवान." मी मान हलवली. मान हलवणंही खोटं बोलण्यात जमा होतं का, यावर अजून विचार चालू आहे.

आता सोळा तारीख. लेकीला समोर बसवलं, माझ्या उजव्या बाजूला. माझा कान, आजोबांचा कान, फोरमन, खिडकी, वही, फुल्या, सगळं सांगितलं. तिला हातात घ्यायला आलेल्या आजोबांना मी काय म्हणालो तेही. तिने वहीतल्या फुल्या बोटाने मोजल्या. मग म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्ही पिता."

"माहीत आहे. तू नाकाने श्वास फार मोठ्याने घेतेस."

ती हसली, मग रडली, मग पार्सल उघडू म्हणाली.

चपटी माझ्या आठवणीपेक्षा लहान आहे. कागद पिवळा पडलाय, पण पेन्सिलीची रेघ आहे. बाटलीही रेघेपर्यंत भरलेली. झाकणाला मेण लावलेलं. त्यावर तिच्या सवयीने लेक म्हणाली, "बाबा, यात काहीतरी चुकतंय." तिला मीच असं बोलायला शिकवलंय. "एकोणीस वेळा घोट काढला तर पातळी खाली जायला हवी. तुमची नोंद दर वेळी 'रेघेवर'. म्हणजे कुणीतरी भरत होतं. तुमचा निष्कर्ष बरोबर होता."

आईने हात लावला नाही, तूही नाही. मग भरणारा एकच माणूस.

मी मेण खरवडलं, झाकण काढलं. बाटली तिच्या नाकाखाली धरली, मग माझ्या. काही नाही. एक थेंब जिभेवर घेतला, आयुष्यातला पहिला. पाणी, ताई. लाकडाच्या जुन्या पेटीसारखा किंचित वास, बाकी नुसतं पाणी.

त्यांना रेघ दिसली होती. मुलगा दर रविवारी स्टुलावर चढतो हे कळलं होतं. तोंडाने सांगता येत नव्हतं, तर प्रत्येक घोटामागे तेवढंच पाणी घालून ते मला माझ्याच पद्धतीने सांगत राहिले की बघ, कमी होत नाही, मी पीत नाही. मी दर आठवड्याला ते पाहिलं, लिहून ठेवलं, आणि दोनदा अधोरेखित करून उलटं वाचलं.

लेकीने झाकण घट्ट लावलं. मी टेबलावर पाणसळ ठेवून दिली. एका पायाखाली कागदाची घडी सरकवावी लागली. बुडबुडा मध्यावर आल्यावर तिने बाटली ठेवली, खाली वाकून डोळा बरोबर रेघेच्या पातळीत आणला आणि बराच वेळ तशीच राहिली.

"एक थेंबही कमी नाही," ती म्हणाली.

ती माझ्या डाव्या बाजूला होती, पण मला ऐकू आलं.

तुझा
पट्टी